पेठेत चालते, घाटात कळते

बुधवार पेठेत गाडीच्या दिव्यांची परीक्षा होतच नाही. तापकीर गल्लीतल्या दुकानांचा झगमगाट, लक्ष्मी रस्त्यावरचे पथदिवे, दगडूशेठ गणपतीसमोरची रोषणाई, एवढ्या उजेडात आपले हेडलाइट लागले आहेत की नाहीत हेही चालवणाऱ्याला कळत नाही. वेगाची तर गोष्टच सोडा. अप्पा बळवंत चौकात दुसऱ्या गियरच्या वर जाण्याचा योग क्वचित येतो. त्या वेगात एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलं काय नि नसलं काय, ईएससी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) चालू असलं काय नि बंद असलं काय, फरक पडत नाही. ही सगळी यंत्रणा ज्या दोन गोष्टींसाठी असते, तो अंधार आणि तो वेग पेठेत नाहीत. दोन्ही एकदमच भेटतात, त्या घाटात, आणि बहुधा पावसात.

मी वापरलेली गाडी घेतली ती चांगली पारखून घेतली, अशी माझी समजूत होती. कागद पाहिले, सर्व्हिसची नोंद पाहिली, ओळखीच्या मेकॅनिककडून इंजिन तपासून घेतलं. सगळ्यात वरचं मॉडेल, म्हणून एबीएस, ईएससी, फॉग लॅम्प, सगळं होतं. शिवाय विक्रेत्याने हौसेने हेडलाइटमध्ये पांढरेशुभ्र एलईडी बल्ब टाकून दिले होते. मंडईजवळच्या वाहनतळावरून संध्याकाळी गाडी काढली की समोरची भिंत दुधासारखी उजळायची. घरचे खूश होते. डॅशबोर्डवर एकही पिवळा दिवा नव्हता. महिनोन् महिने गाडी पेठांतून, फार तर कोथरूड-हडपसरपर्यंत फिरली आणि कधी कुरकुरली नाही.

जुलैमध्ये सासुरवाडीला माणगावला निघालो. पौड, मुळशी करत ताम्हिणीत पोहोचेपर्यंत अंधारून आलं, वर धो धो पाऊस आणि धुकं. त्या घाटातला पाऊस साधा नसतो. जुलै 2024 मध्ये तिथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पडल्याची नोंद आहे. पेठेत जे बल्ब दिपवत होते त्यांनी इथे समोर नुसती पांढरी भिंत उभी केली. रस्त्याची कड दिसेना. समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाने पुन्हापुन्हा डिप्पर दिला. मी डिप्परवरच होतो, त्यामुळे तो कशासाठी चिडलाय ते मला कळेना. पुढे एका उजव्या वळणावर रस्त्यात दगड आलेले दिसले. मी ब्रेक दाबला. चाकं जाम झाली, स्टिअरिंग वळवूनही गाडी वळली नाही, सरळ जाऊन डावीकडच्या लोखंडी कठड्याला घासत थांबली. कोणाला खरचटलंही नाही. दार आणि बंपर तेवढे गेले. पण पायाखाली पेडल थरथरलं नव्हतं, आणि एबीएस असलेल्या गाडीत ते थरथरायलाच हवं होतं.

पुण्यात आणल्यावर गाडीला स्कॅनर लावला. मागच्या एका चाकाच्या वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटलेली होती, आणि तीही जुनी. मग त्याचा इशारा देणारा पिवळा दिवा का लागत नव्हता? मेकॅनिकने मीटर खोलला. एबीएस आणि ईएससी या दोन दिव्यांवर आतून काळी चिकटपट्टी लावलेली होती. दुरुस्ती करण्यापेक्षा दिवा झाकणं स्वस्त पडतं. कोणी झाकला, आधीच्या मालकाने की विकणाऱ्याने, ते सिद्ध करता येत नाही. पण तो झाकलेला आहे हे गाडी घेताना, रस्त्यावर उभ्याउभ्या, एका पैशाच्या खर्चाशिवाय कळू शकतं. ते कसं, तेच सांगायचंय.

चावी फिरवा आणि बघत राहा

इंजिन सुरू न करता चावी ऑनवर न्या; बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर किंवा क्लचवर पाय न ठेवता, मीटर उजळेपर्यंत बटण दाबा. मीटरमधले इशाऱ्याचे दिवे एकदम उजळतात आणि काही सेकंदांत किंवा इंजिन सुरू झाल्यावर एकेक करून विझतात. गाडी इथे स्वतःची तपासणी करत असते. यात एबीएसचा, ईएससीचा (गाडी आणि तिच्यामागे नागमोडी रेषा), एअरबॅगचा आणि ब्रेकचा दिवा आला पाहिजे. लागून विझला तर ठीक. हँडब्रेक सोडलेला असूनही लागून राहिला तर बिघाड. आणि लागलाच नाही, तर सगळ्यात वाईट. एक तर ती सोय गाडीत नाही, नाही तर कोणीतरी दिवा आंधळा केलाय. आपण सगळे जळणाऱ्या दिव्याला घाबरतो. घाबरायचं न लागणाऱ्या दिव्याला.

गाडी चालत असताना ईएससीचा दिवा लुकलुकला तर तो बिघाड नाही. यंत्रणा त्या क्षणी काम करतेय, म्हणजे तुम्ही रस्त्याच्या पकडीच्या कडेवर आहात, वेग कमी करा. दिव्याशेजारी 'ऑफ' असं दिसलं तर कोणाच्या तरी बोटाने यंत्रणा बंद झालीय. ते बटण असतं चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी काढण्यासाठी, कारण तिथे चाक थोडं फिरू द्यावं लागतं. बाहेर निघालात की लगेच पुन्हा चालू करा.

बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिन वाचतात. गॅरेजमध्ये 'एबीएसचं मॉड्यूलही स्कॅन करा' असं स्पष्ट सांगा. स्टिअरिंगचं काम, अलाइनमेंट किंवा बॅटरी बदलल्यावर ईएससीचा दिवा राहिला, तर स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. 'चालतंय साहेब, जाईल आपोआप' यावर गाडी ताब्यात घेऊ नका.

शटरवरची परीक्षा

पेठेत राहणाऱ्याला एक मोठी सोय आहे: रात्री दुकानं बंद झाली की सपाट शटरं रिकामी असतात. सपाट जमिनीवर, शटरपासून साधारण पाच मीटरवर गाडी सरळ उभी करा, टायरांत हवा बरोबर ठेवा आणि डिप्पर लावा. चांगल्या दिव्याचा झोत वरून कापल्यासारखा दिसतो. एक आडवी कड असते, आणि आपण डावीकडून गाडी चालवत असल्यामुळे ती डाव्या बाजूला वर चढते, म्हणजे कडेचा माणूस आणि पाटी दिसते पण समोरच्याचे डोळे वाचतात. ही कड दिव्याच्या मध्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर खाली पडायला हवी. कडच दिसत नसेल, नुसता उजेडाचा गोळा असेल, तर बल्ब चुकीचा आहे.

माझ्या गाडीत तेच होतं. सर्वसाधारण एच4 हॅलोजन बल्ब 60/55 वॅटचा असतो आणि त्याची बारीक तार ठरलेल्या बिंदूवर असते. दिव्याचा आरसा त्याच बिंदूसाठी घडवलेला असतो. डिप्परच्या तारेखाली एक छोटी ढालही असते, तिच्यामुळे ती कड तयार होते. एलईडीच्या चकत्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या असतात, त्यामुळे उजेड त्या बिंदूतून निघत नाही आणि झोत वर उधळतो. तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि धुक्यात आपल्याच डोळ्यांत परततो. एसटीचा चालक चिडला होता तो यामुळे. ज्या गाड्यांचा दिवाच कारखान्यातून एलईडीचा येतो त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा आरसा आणि भिंग त्यासाठीच बनवलेलं असतं. 100/90 वॅटचे हॅलोजनही टाळा, त्यांच्या उष्णतेने होल्डर आणि वायरी वितळतात. कायद्याची बाजूही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत परस्पर बदल करू देत नाही आणि कलम 182अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विक्रेत्याने हौसेने टाकून दिले, ही सबब चालत नाही.

स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांची एक छोटी चकती असते. ती आहे हे कित्येकांना ठाऊकच नसतं. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत बोजे भरले की गाडीचं नाक वर होतं, आणि डिप्परही अप्परसारखा वागू लागतो. पुढे दोघंच असाल तर शून्य, भार वाढेल तसा आकडा वाढवा. नेमका कोणता आकडा कधी, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं.

त्याच शटरसमोर गाडी उलटी उभी करा आणि आरशात बघत ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स, मागचा फॉग लॅम्प तपासा. मदतनीस लागत नाही. आणखी एक फसवणूक इथे उघडी पडते. दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे चालू असले तरी बहुतेक गाड्यांत मागचे दिवे लागत नाहीत. डॅशबोर्ड मात्र उजळलेला असतो, म्हणून आपण दिवे लावलेत असं वाटतं. ऑटो दिव्यांवरही विसंबू नका. त्यांचा सेन्सर अंधार ओळखतो, भर दुपारचं पांढरं धुकं ओळखत नाही. पावसात आणि धुक्यात खटका हाताने फिरवा.

धुक्यात काय करावं

डिप्पर आणि पुढचे फॉग लॅम्प, एवढंच. अप्पर नको. पिवळा उजेड धुकं चिरतो ही समजूत सोडा. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फॉग लॅम्पचा फायदा त्याच्या जागेत आहे. तो खाली असतो आणि त्याचा झोत रुंद नि चपटा असतो, म्हणून रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा दिसतो. मागचा लाल फॉग लॅम्प दाट धुक्यात लावा आणि धुकं सरताच बंद करा, नाही तर मागच्याला तुमचा ब्रेकचा दिवा ओळखू येत नाही.

चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणं ही आपल्याकडची फार जुनी खोड. खंडाळ्याच्या बोगद्यांत रोज दिसते. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीवर लावले तर मागच्याला वाटतं तुम्ही उभे आहात, आणि वळताना तुमचा इंडिकेटर कोणाला कळत नाही.

यंत्रणा काय करते, काय करत नाही

एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. त्यासाठी पाय पूर्ण जोराने दाबून तसाच ठेवावा लागतो. पेडल थरथरतं, घरघर आवाज येतो, आणि लोक दचकून पाय उचलतात. उचलू नका. जुन्या गाड्यांसाठी शिकवलेलं 'मारून सोड, मारून सोड' इथे उलटं पडतं. पाय घट्ट, नजर आणि स्टिअरिंग जिथे जायचंय तिकडे. मात्र खडीवर किंवा सैल मातीवर एबीएसने गाडी लवकर थांबेल असं नाही, उलट जास्त अंतर लागू शकतं.

ईएससी एक पाऊल पुढे जातं. स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी खरोखर कुठे चाललीय यांची ते सतत तुलना करतं. गाडी वळणाबाहेर सरकू लागली तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला, मागचा भाग घसरू लागला तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला, एकट्यालाच ब्रेक लावून ते नाक रस्त्यावर आणतं. असं एकेका चाकाला ब्रेक लावणं माणसाच्या पायाला जमणारं नाही. बॉश आणि मर्सिडीजने 1995 मध्ये ते बाजारात आणलं. 1997 मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास गाडी उलटली आणि कंपनीला ते त्या स्वस्त गाडीतही सरसकट द्यावं लागलं.

पण पकड टायरची असते. ईएससी ती वाटून देतं, निर्माण करत नाही. वळणावर वेग तीसचा साठ झाला की लागणारी पकड चौपट होते. ओल्या रस्त्यावर तेवढी नसेल तर कोणतीही यंत्रणा गाडी वाचवत नाही. टायरच्या नक्षीची 1.6 मिलिमीटर खोली ही कायद्याची किमान मर्यादा आहे. पावसाळी घाटासाठी त्याआधीच बदला. चारही टायर सारख्या मापाचे हवेत, नाही तर सेन्सरची गणितं चुकतात. उतारावर खालचा गियर ठेवा, न्यूट्रल कधीही नको आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणं तर मुळीच नको. इंजिन थांबलं की ब्रेकचा जोर ओसरतो, स्टिअरिंग जड होतं, चावी बंद झाली तर ईएससीही जातं. नवले पुलाच्या उतारावर 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने कित्येक गाड्यांना धडक दिली. सुटलेलं वजन उतारावर काय करतं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

वापरलेली गाडी घेताना

एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीच्या गाडीत ते असेलच असं नाही. ईएससी कित्येक गाड्यांत फक्त वरच्या मॉडेलमध्येच मिळायचं. त्यामुळे गाडीच्या नावावर जाऊ नका, तिचं व्हेरिएंट कागदावर पाहा. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारं भारत एनकॅप 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालं, त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतंच. चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय आपल्याच पौड रस्त्याजवळच्या टेकडीवर आहे. पण चाचणीत तपासली जाते ती कारखान्यातून आलेली गाडी; कोणीतरी मधल्या काळात पट्टी चिकटवलेली नाही.

म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याला इंजिन आधीच सुरू करून ठेवू देऊ नका. चावी स्वतः मागून घ्या, ऑनवर न्या आणि तो काय बोलतोय तिकडे दुर्लक्ष करून दिवे पाहा. एबीएस, ईएससी, एअरबॅग, ब्रेक: चारही लागले आणि विझले, तरच पुढे किमतीची गोष्ट. एक जरी लागला नाही, तर एबीएसच्या मॉड्यूलचा स्कॅन हातात पडेपर्यंत बयाणा देऊ नका. विक्रेता स्कॅनला तयार नसेल, तर दुसरी गाडी पाहा. पुण्यात गाड्यांना तोटा नाही.