टाचदुखी आणि तुंबडी

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते आणि चार पावले चालल्यावर ती ओसरते. टाचेपासून बोटांपर्यंत पसरलेल्या तळव्यातील जाड पट्ट्यावर ताण पडल्याची ही खूण होय. दुखऱ्या अंगास तुंबडी लावण्याची पद्धत प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत शृंग, जळू व अलाबू म्हणजे भोपळा या तिन्हींचा उल्लेख असून, अलाबूत दिवा ठेवून शोषण साधावे असे सांगितले आहे. युनानीत यालाच हिजामा म्हणतात. पेल्यातील तापलेली हवा निवते, दाब उतरतो व कातडी आत ओढली जाते. टाचदुखीत पेला बहुधा पोटरीवर वा तळव्यावर लावतात. काहींना तात्पुरता आराम पडतो. पुरावा मात्र तोकडा आहे. पोटरी व तळवा ताणण्याच्या नित्य व्यायामास अधिक आधार आहे, जरी गुण येण्यास महिने लागतात.

खरा धोका वेगळाच आहे. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यास भाजल्याचे कळत नाही आणि लहानसा फोडही चिघळतो. रक्त काढण्याच्या तुंबडीत एकच पाते अनेकांना वापरल्यास ‘ब’ प्रकारची कावीळ पसरू शकते. गावात असे शिबिर भरणार असल्यास उपचारकाची नोंदणी आणि प्रत्येक रुग्णासाठी नवे पाते, या दोन गोष्टी ग्रामपंचायतीने अगोदरच पाहाव्यात.