घंटागाडी, फ्लू आणि अकरावीचं गणित

जून महिना लागला की डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, नीटला मार्क कमी पडले तर बायोलॉजीचं करायचं काय?" परवा मात्र आईच्या आधी मुलगीच बोलली. "फ्लूची लस दरवर्षी का बदलतात? यावर काम कोण करतं?" आईने तिला कोपराने ढोसलं. मी मुलीला खुर्ची पुढे ओढायला सांगितली.

फ्लूच्या विषाणूकडे आरएनएचे जेमतेम आठ तुकडे. प्रथिनं बनवायचा कारखाना त्याचा स्वतःचा नाही, तो आपल्या पेशीचाच वापरतो. प्रथिनाची नुसती साखळी जोडून भागत नाही, तिची घडी नीट बसावी लागते. घडी घालायला पेशीत मदतनीस प्रथिनं असतात आणि बिघडलेला माल मोडीत काढायला वेगळी यंत्रणा. विषाणू या मदतनिसांना आपल्या कामाला जुंपतो. संसर्गाची चाहूल लागली की पेशी उत्पादन थांबवू बघते, तर त्याचं एनएस-१ हे प्रथिन तो ब्रेकच लागू देत नाही.

खरा बेरकीपणा 2014 मध्ये झुरिकच्या प्रयोगशाळेत उघड झाला. विषाणू टाकाऊ प्रथिनांवर असते ती खूण, युबिक्विटिन, सोबत घेऊनच पेशीत शिरतो. पेशीची सफाई यंत्रणा त्याला कचरा समजून ओढायला लागते आणि त्या ओढाताणीत कवच फुटून आरएनए मोकळा होतो. चोराने कचऱ्याच्या पिशवीत दडून बसावं आणि घंटागाडीवाल्याने ती पिशवी फोडून द्यावी, तसं! त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक इंद्रनील बॅनर्जी. पुढे त्यांनी मोहालीच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत प्रयोगशाळा उभारली.

विषाणू आपली बाहेरची प्रथिनं सतत बदलतो, म्हणून लस बदलावी लागते. मदतनीस प्रथिनं आपली, ती अशी बदलत नाहीत. मग औषधाने त्यांनाच अडवलं तर? अडचण एवढीच की ती आपल्यालाही लागतात. मुलीच्या पिढीला पुरेल एवढं काम इथे पडलंय. आणि ते दूरचं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत, बर्ड फ्लू निघाला होता. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तर 1952 पासूनची.

वाट कशी? आयसरच्या प्रवेश परीक्षेत साठ प्रश्न: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित, प्रत्येकी पंधरा. गणित सोडलेल्यांनाही फॉर्म भरता येतो, पण ते पंधरा प्रश्न हातचे जातात. आयसर हुकलं तर इथल्याच कॉलेजात बीएस्सी करून एमएस्सी प्रवेशाची 'जॅम' परीक्षा देता येते. पाच वर्षं बीएस-एमएस, पुढे पीएचडीची पाच-सहा. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिना 37 हजार आणि घरभाडं. वडील इथे हिशेब मांडतात, मांडावाच. कायम नोकरीला तिशी उलटते.

पैशापेक्षा मी स्वभाव बघतो. फ्लूसाठी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवतात. चपट्या, एकमेकींना चिकटलेल्या. विषाणू सोडल्यावर दोन-तीन दिवसांत त्या गोल होऊन तळापासून सुटतात, थर फाटल्यासारखा दिसतो. कधी तेवढ्यात बुरशी धरते आणि आठवडा वाया जातो. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

"चालेल," मुलगी म्हणाली. आईने पर्समधून अकरावीचा फॉर्म काढला. गणिताऐवजी भूगोल टाकलेला होता.

"सर, बदलायची मुदत कधीपर्यंत असते?"

"ताई, कॉलेजला आत्ताच फोन लावा."