आवाजाला डास भीत नाही

सॉकेटमध्ये खोचायचा पांढरा डबा, त्यावर लुकलुकणारा निळा दिवा आणि खोक्यावर ‘रसायनमुक्त, लहान मुलांसाठी सुरक्षित’ अशी ग्वाही, एवढ्या भांडवलावर ध्वनिलहरींनी डास पळवण्याचा धंदा चालतो. अशा यंत्राचे पैसे मोजूनही डासांचे चावे सोसलेल्यांपैकी मी एक आहे, त्यामुळे या लिखाणात राग उतरला तर तो मी लपवणार नाही. पण माझी तक्रार पैशांपुरती नाही. मच्छरदाणी आपलं काम करते, खिडकीची जाळी करते; हे यंत्र काहीच करत नाही आणि वर काम करत असल्याचा भास देतं. त्या भासावर विसंबून माणूस मच्छरदाणी गुंडाळून ठेवतो, संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकतो आणि डेंग्यू-हिवतापाच्या ऐन दिवसांत बेसावध राहतो. यंत्र निरुपयोगी आहे एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. ते अपायकारक आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

विकणाऱ्यांचे दावे नीट मांडले तर ते एकमेकांनाच खोटं पाडतात. पहिला दावा असा की चावते ती मादी. एकदा समागम झाला की ती नराला टाळते, म्हणून नराच्या पंखांचा आवाज काढला की ती दूर जाते. दुसरा दावा असा की यंत्र वटवाघळासारखा अतिउच्च आवाज काढतं आणि शत्रू आला असं समजून डास पळतात. एकाच खोक्यावर दोन्ही दावे छापलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं की हा आवाज माणसाला ऐकू येत नाही. इथेच सगळं उघडं पडतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीचा गुणगुणाट ४०० हर्ट्झच्या पुढे आणि नराचा ६०० च्या आसपास असतो. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. म्हणजे नराचा आवाज काढणारं यंत्र आपल्या कानाला स्पष्ट ऐकू यायलाच हवं. जे ऐकू येत नाही ते नराच्या पंखांची नक्कल करत नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. राहिली वटवाघळं. डास ऐकतो तो मिशांच्या बुडाशी असलेल्या इंद्रियाने, आणि ते इंद्रिय जोडीदाराच्या पंखांच्या खालच्या सुरासाठी घडलेलं आहे. शिवाय वटवाघळांची वस्ती असलेल्या झाडांखालीही डास असतातच. नराचा सूर ऐकून मादी पळते, हेही गृहीतकच. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं की एडिसचे नर आणि मादी एकमेकांच्या जवळ आले की आपापले सूर १,२०० हर्ट्झच्या आसपास जुळवून घेतात. समागम झालेली मादी पुन्हा नराला भीक घालत नसेलही. पण नर नको असणं वेगळं आणि त्याच्यापायी समोरचं रक्त सोडणं वेगळं.

तर्क बाजूला ठेवला तरी चाचण्या आहेत, आणि त्यांची पद्धत अगदी साधी आहे. माणसाने उघड्या पोटऱ्यांनी बसायचं, पायावर उतरणारा प्रत्येक डास पकडून मोजायचा. एकदा यंत्र चालू ठेवून, एकदा बंद ठेवून. अशा १० क्षेत्रीय अभ्यासांचा आढावा २००७ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला. यंत्रामुळे डास कमी उतरले, असं एकाही अभ्यासात आढळलं नाही. त्यातल्या १५ प्रयोगांपैकी १२ प्रयोगांत तर यंत्र चालू असताना उतरणारे डास अधिक होते. २०१० साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी एडिस इजिप्तायवर प्रयोग केले, तेव्हाही यंत्रामुळे चावण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २००१ सालीच अतिध्वनी यंत्रांचे ६० हून अधिक उत्पादक आणि विक्रेते यांना बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. इतकं सगळं उपलब्ध असताना आजही तोच डबा नव्या नावाने विकला जातो, म्हणून मला हे निव्वळ अज्ञान वाटत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती तक्रार केल्यावर मिळणाऱ्या उत्तरांची. मला मिळालेली आणि इतरांना मिळालेली उत्तरं एकाच साच्यातली. पंधरा दिवस द्या, लहरींचा परिणाम हळूहळू होतो. खोली मोठी आहे, आणखी एक लावा. पडदे जाड आहेत. पलंगाच्या आड लावलंय का? तुमच्या भागातला डास वेगळा असेल. यातलं एकही उत्तर विक्रीच्या वेळी दिलं जात नाही. तेव्हा एक यंत्र अख्ख्या घराला पुरेसं असतं. उच्च कंप्रतेचा आवाज हवेत लवकर विरतो आणि भिंत-पडदा ओलांडत नाही, हे खरंच आहे. मग ते खोक्यावर का छापत नाहीत? प्रत्येक अपयशाचा दोष गिऱ्हाइकाच्या घराला, पडद्याला, धीराला देता येईल अशी ही रचना आहे. जो दावा कोणत्याही परिस्थितीत चुकीचा ठरूच शकत नाही, त्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

आता आक्षेप. ‘आमच्याकडे फरक पडला’ असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. पाऊस ओसरला, वस्तीत धुरळणी झाली, शेजारची तुंबलेली गटारं उपसली गेली, की डास आपोआप कमी होतात. श्रेय मात्र नुकत्याच लावलेल्या यंत्राला जातं. २०१९ साली स्क्रिलेक्स या संगीतकाराच्या कर्कश संगीतात एडिस माद्यांनी उशिरा आणि कमी रक्त घेतलं, असा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याचाही दाखला दिला जातो. पण ते प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यातलं, माणसालाही ऐकू येणारं मोठं संगीत होतं. मुक्या डब्याची त्यातून तरफदारी होत नाही. मोबाइलमधल्या ॲपचं तर नावच नको. फोनचा स्पीकर आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजासाठी बनवलेला असतो, त्याच्या पलीकडचं त्यातून जवळपास काही बाहेर पडत नाही.

घेणाऱ्यांना वेड्यात काढणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. कॉइलच्या धुराची भीती रास्त आहे. बंद खोलीत, विशेषतः तान्ह्या बाळाजवळ, कॉइल लावूच नये. विक्रेत्यांनी नेमकी हीच रास्त काळजी हेरली. पण रसायन नको असेल तर त्यावरचे उपाय जुने आणि पारखलेले आहेत. मच्छरदाणी लावा, तिच्या कडा गादीखाली खोचा, आणि एडिस दिवसा चावतो हे ध्यानात ठेवून बाळाला दुपारीही मच्छरदाणीतच झोपवा. पंखा लावा, डास उडण्यात कमजोर असतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पण पाणी नुसतं ओतून देऊ नका. एडिसची बारीक काळी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पिंप पुन्हा भरलं की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून पिंप, रांजण, कूलर आतून घासूनच काढायचा. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर, अंगणातल्या करवंट्या तपासा. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा, उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. बाहेर जाताना अंगाला लावायचं औषध लागलंच, तर वेष्टनावर डीईईटी किंवा पिकारिडिन हे नाव आणि त्याचं प्रमाण वाचून घ्या. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीईईटी लावू नका.

आणि तरीही कुणी असं यंत्र गळ्यात मारू लागला, तर त्याला तीन गोष्टी लेखी मागा: आवाज किती हर्ट्झचा, कोणत्या जातीच्या डासावर चाचणी झाली, आणि यंत्र बंद असताना किती डास उतरले. बिल आणि खोकं जपून ठेवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जाहिरातींना भुलू नका हे सांगणं सोपं आहे, पण सगळी सावधगिरी गिऱ्हाइकानेच का बाळगायची? उघड्या पोटरीवर उतरणारे डास मोजायला फार खर्च येत नाही. विकणाऱ्यांनी ती मोजणी करून आकडे खोक्यावर छापावेत. तोपर्यंत त्या डब्याचे पैसे खिडकीच्या जाळीवर खर्च करा.