गोटमारच्या गोष्टीत जीव कुणासाठी तुटावा?

प्रश्न : आमच्या गोटमारची गोष्ट ग्रीक शोकांतिकेसारखी आहे, असं कॉलेजात ऐकलं. मग त्यात सगळ्यात जास्त सहानुभूती कुणाला द्यायची? मुलाला, मुलीला की मुलीच्या घरच्यांना?
– एक वाचक, सावरगाव

उत्तर : उत्तर काहीही दिलं तरी जाम नदीच्या एका काठावर नाराजी ठरलेली! तरी बघू.

बाहेरच्या वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून निघाले. नदी ओलांडताना सावरगावकरांनी पाहिलं आणि दगड मारले. पांढुर्णेकर मुलाच्या मदतीला धावले, तेही दगड घेऊनच. दोघं मधल्या मध्ये मेली. मग दोन्ही गावं शरमली, देह चंडीमातेपुढे नेले आणि अंत्यसंस्कार केले. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. गोटमारचा संबंध भोसल्यांच्या काळातल्या लढाईशी जोडणारी दुसरी दंतकथाही सांगतात. गोटमारीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आजही दोन्ही गावं एकमेकांवर दगड मारतात, आणि नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात. वरपक्षाच्या पांढुर्ण्याने ते कुऱ्हाडीने तोडून न्यायचं, वधूपक्षाच्या सावरगावने राखायचं. या दगडफेकीत शेकडो लोक जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण ते काही रुजले नाहीत.

आता शोकांतिकेकडे वळू. जो मेला तोच सगळ्यात दुर्दैवी, असा आपला समज असतो. पण मग शेवटी प्रेतं मोजली की काम झालं! ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त कसोटी वेगळी लावली. त्याच्या मते नाहक वाट्याला आलेलं दुर्दैव पाहून करुणा येते. शत्रूने शत्रूला मारलं तर त्या यातनेपलीकडे विशेष काही वाटत नाही. घाव आपल्याच माणसाने घातला की आतडं पिळवटतं.

सोफोक्लिसची ‘अँटिगनी’ घ्या. हे नाटक इ.स.पू. 441 च्या सुमाराचं. अँटिगनीच्या, शहरावर चालून आलेल्या भावाला मूठमाती द्यायची नाही, असा राजा क्रेऑनचा हुकूम. बहीण अँटिगनी तो मोडते. राजाचा मुलगा हेमॉन तिचा वाग्दत्त वर. तो बापाला आधी अदबीने, मग चिडून समजावतो. बाप ऐकत नाही. शेवटी अँटिगनी, हेमॉन आणि हेमॉनची आई तिघंही आत्महत्या करतात, आणि क्रेऑन जिवंत उरतो. शोकांतिकेला खलनायक लागतोच असं नाही, हे इथे कळतं. यादवीतून नुकतंच सावरलेलं शहर सांभाळणं हे क्रेऑनचं कामच होतं. त्याला शहाणपण उशिरा आलं, एवढंच.

सावरगावच्या वडीलधाऱ्यांचंही तसंच. त्यांच्या लेखी लेक पळवली जात होती. पुढे दोघांवर अंत्यसंस्कार करायला तेही आले, म्हणजे दगडाचं काळीज नव्हतं. त्यांना सहानुभूती द्या, पण पहिला नंबर नाही.

मुलगा? तो बिचारा मेला खरा, पण त्याचं गाव त्याच्या बाजूने उभं राहिलं. पहिले दगड आले ते परक्या काठावरून.

उरली मुलगी. पहिला दगड तिच्या स्वतःच्या गावातून आला. मारणाऱ्यांत भाऊ असेल, चुलता असेल, शेजारच्या घरातला कुणी असेल. समोरून धावून आलेले लोक मुलासाठी आले होते, तिला ओळखणारं त्यांत कोण? सोडलेला काठ तिचा राहिला नाही आणि गाठायचा काठ अजून तिचा झाला नव्हता. हेमॉन असाच मध्ये सापडला होता, पण त्याला बापासमोर उभं राहून दोन शब्द बोलता तरी आले. अँटिगनीने तर राजाला भर दरबारात ऐकवलं. आमच्या गोष्टीतल्या मुलीच्या तोंडी एक वाक्य नाही. दगडांच्या वर्षावात कुणाचा दगड कुणाला लागला हे कळायची सोय नसते, त्यामुळे तिला नेमकं कुणी मारलं, हेही कुणी सांगत नाही.

म्हणून माझं मत सावरगावच्या लेकीला. पांढुर्णेकरांनी रागावू नये. ॲरिस्टॉटलच्या कसोटीवर तुमचा मुलगा दुसरा येतो.

एक विनंती. तुमच्या घरातली आजी हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगत असेल, आणि तिच्या सांगण्यात ती मुलगी काही बोलत असेल, तर ते शब्द जसेच्या तसे लिहून आम्हाला पाठवा.