विजयालक्ष्मी पंडित ‘युनोच्या अध्यक्ष’ होत्या म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : माझी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. तिच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात विजयालक्ष्मी पंडित हे नाव तीनदा येतं. युनोच्या पहिल्या महिला अध्यक्ष, पहिल्या महिला राजदूत आणि महाराष्ट्राच्या पहिल्या महिला राज्यपाल. माझे सासरे म्हणतात, भाऊ पंतप्रधान असल्यावर हे सगळं घरबसल्या मिळतं. ‘पंडित’ हे आडनावही नेहरूंच्या काश्मिरी पंडित घराण्यावरून आलं, असं ते सांगतात. यातलं खरं किती?

उत्तर : सुरुवात आडनावापासून करू, कारण तो गुंता सुटायला सोपा आहे आणि त्याचं दुसरं टोक आपल्या कोकणात निघतं.

नेहरू काश्मिरी पंडित होते, हे सासऱ्यांचं म्हणणं बरोबर. पण तिथे ‘पंडित’ ही जात झाली, आडनाव नव्हे. मोतीलाल नेहरूंच्या घरी, अलाहाबादेत, 18 ऑगस्ट 1900 रोजी जन्मलेल्या या मुलीचं नाव होतं स्वरूपकुमारी नेहरू. मे 1921 मध्ये तिचं लग्न रणजित सीताराम पंडित या बॅरिस्टरांशी झालं. रणजित वाढले राजकोटला, पण घराणं मराठी, मूळ कोकणातल्या बांबुळी गावचं. ‘पंडित’ आलं ते तिथून. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची रीत आपल्याकडे होतीच. त्या रीतीप्रमाणे स्वरूपकुमारीची विजयालक्ष्मी झाली. म्हणजे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात जे नाव तीनदा छापलं आहे, ते सगळंच्या सगळं सासरचं. रणजित संस्कृतचे जाणकार होते. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चं इंग्रजी भाषांतर त्यांनी तुरुंगात बसून केलं आणि ते 1935 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता ‘युनोच्या अध्यक्ष’. हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की ऐकणाऱ्याला वाटतं, त्या साऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रमुख होत्या. तसं नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचं रोजचं कामकाज चालवतो तो सरचिटणीस. 1953 मध्ये त्या जागी स्वीडनचे डाग हॅमरशील्ड होते. युद्ध आणि शांततेचे कठीण निर्णय होतात सुरक्षा परिषदेत, आणि तिचं अध्यक्षपद महिन्यामहिन्याला सदस्य देशांमध्ये फिरतं. तिसरी आमसभा. तिथे प्रत्येक देशाला, लहान असो की मोठा, एकच मत असतं. ही आमसभा दरवर्षी भरते आणि दर अधिवेशनाला नवा अध्यक्ष निवडते. विजयालक्ष्मीबाई निवडून आल्या त्या या आमसभेच्या आठव्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदावर, 15 सप्टेंबर 1953 रोजी.

मग हे पद नुसतं शोभेचं होतं का? तसंही नाही. आमसभेच्या अध्यक्षाचं काम आपल्या विधानसभेच्या अध्यक्षांसारखं असतं. कोणाला बोलू द्यायचं, हरकतीवर काय निर्णय द्यायचा, कोणता विषय कधी घ्यायचा, हे सगळं त्याच्या हाती. त्या वर्षी कोरियातलं युद्ध जुलैत नुकतंच थांबलं होतं, युद्धकैद्यांचा प्रश्न पेटलेला होता आणि त्यांच्या देखरेखीचा आयोग भारताच्या अध्यक्षतेखाली काम करत होता. अमेरिका आणि रशिया एकमेकांकडे डोळे वटारून बसलेले असताना साठ देशांची सभा चालवायची होती. निवडणूकही गुप्त मतदानाने झाली, आणि समोर थायलंडचे राजपुत्र वान हे मुरलेले मुत्सद्दी उमेदवार होते. नंतर तेही या पदावर आले. विजयालक्ष्मीबाईंनंतर मात्र दुसरी स्त्री तिथे बसायला 1969 साल उजाडावं लागलं. त्या लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स. आणि तिसरी थेट 2006 मध्ये.

आता सासऱ्यांचा मुख्य मुद्दा : भावामुळे मिळालं. हा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण तो रास्त आहे. मात्र वर्षं एकापुढे एक मांडल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

1937 पाहा. इंग्रजांच्या राज्यात प्रांतांना काही कारभार मिळाला, निवडणुका झाल्या. विजयालक्ष्मीबाई संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, विधानसभेत निवडून आल्या आणि गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य आणि सार्वजनिक आरोग्य या खात्यांच्या मंत्री झाल्या. भारतात मंत्रिपदावर बसलेली ही पहिली स्त्री. भाऊ तेव्हा पंतप्रधान नव्हते, ते पदच नव्हतं. त्याआधी त्यांनी अलाहाबाद नगरपालिकेत काम केलेलं होतं आणि तुरुंगवासही भोगला होता. एकूण तीनदा त्या तुरुंगात गेल्या. नेहरू हे आडनाव माहेरी होतं, त्यामुळे दार लवकर उघडलं, हे मान्य करायलाच हवं. त्या काळात बॅरिस्टरच्या किंवा जमीनदाराच्या घरात न जन्मलेल्या कितीशा बायकांपर्यंत उमेदवारी पोचत होती?

मग येतं 1944. तुरुंगातून आजारी होऊन सुटलेले रणजित त्या वर्षी जानेवारीत वारले. तीन मुली, मुलगा नाही. हिंदू एकत्र कुटुंबातल्या विधवेचा आणि मुलींचा मालमत्तेवरचा हक्क तेव्हा फार दुबळा होता, त्याची झळ त्यांनाही बसली. मोतीलालांची मुलगी असूनही. वर्षाअखेरीस त्या अमेरिकेत गेल्या, गावोगावी भाषणं देत फिरल्या. 1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार करायला देश जमले, तेव्हा भारताच्या खुर्चीवर इंग्रज सरकारने नेमलेलं शिष्टमंडळ होतं. विजयालक्ष्मीबाई सभागृहाबाहेर होत्या. तिथूनच त्या पत्रकारांना आणि प्रतिनिधींना सांगत राहिल्या की आत बसलेले लोक भारताच्या जनतेच्या वतीने बोलत नाहीत.

पुढच्याच वर्षी त्या आत होत्या, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा दिवस 1953 मधला नसून 8 डिसेंबर 1946 चा आहे. परीक्षेच्या पुस्तकात तो सहसा नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दक्षिण आफ्रिकेने 1946 मध्ये तिथल्या हिंदी लोकांना जमीन कुठे घेता येईल, कुठे राहता येईल, यावर बंधनं घालणारा कायदा केला. भारताने ते गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत नेलं. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित, सोबत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महंमद करीम छागला. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स, ज्यांचा सनद तयार करण्यातही हात होता. त्यांचा बचाव असा की हा आमचा घरगुती मामला आहे, संयुक्त राष्ट्रसंघाला त्यात पडता येत नाही, फार तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्या. भारताचं म्हणणं, सनदेत माणसाच्या मूलभूत हक्कांचं वचन आहे, ते कातडीच्या रंगावरून मोडलं जात असेल तर तो कोणाचाच घरगुती मामला राहत नाही.

ठराव मंजूर व्हायला मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश देश बाजूने हवे होते. सदस्य देश 54. बाजूने 32, विरुद्ध 15, तटस्थ 7. तटस्थांना हिशेबातून वगळलं की उरतात 47, आणि 47 चे दोन तृतीयांश म्हणजे एकतीसहून किंचित जास्त. म्हणजे किमान 32 मतं हवीच होती, आणि तेवढीच मिळाली. बाजूच्या एका देशाने उलटं मत दिलं असतं तर ठराव पडला असता. अमेरिका आणि ब्रिटन दोन्ही विरोधात होते. भारत अजून स्वतंत्रही झालेला नव्हता, दिल्लीत हंगामी सरकार येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. जिंकायचं ते कटुता न ठेवता, असं गांधीजींनी निघताना बजावलं होतं. म्हणून मतदानानंतर त्या स्मट्स यांच्याकडे गेल्या आणि आपल्याकडून काही अधिकउणं बोललं गेलं असेल तर माफ करा, असं म्हणाल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध आमसभेत पुढे कित्येक दशकं जे ठराव होत गेले, त्यांची सुरुवात इथली.

ही 32 मतं भावाच्या नावावर मिळण्यासारखी नव्हती. दूरदूरच्या देशांच्या प्रतिनिधींना एकेकाला गाठून, पटवून ती गोळा करावी लागली.

राजदूतपदांचं वेगळं. तिथे नेमणूक सरकार करतं, आणि नेहरू पंतप्रधान असताना परराष्ट्र खातंही त्यांच्याकडेच होतं. भावाने बहिणीला नेमलं, यात शंका नाही. 1947 मध्ये मॉस्को, 1949 मध्ये वॉशिंग्टन, 1954 पासून सुमारे सात वर्षं लंडन. (लंडनला त्यांचं पद ‘उच्चायुक्त’ असं लिहिलेलं दिसेल. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे राजदूताऐवजी उच्चायुक्त पाठवतात, काम तेच.) या तिन्ही ठिकाणी यश सारखं नव्हतं. मॉस्कोत स्टॅलिनने त्यांची एकदाही भेट घेतली नाही. रशियाला तेव्हा भारत इंग्रजांच्याच दावणीला बांधलेला वाटत होता, हे त्यामागचं मोठं कारण. त्यांच्यानंतर गेलेल्या डॉ. राधाकृष्णन यांना 1950 मध्ये ती भेट मिळाली. लंडनमध्ये मात्र त्यांचा चांगला जम बसला.

आणि नात्याचा विषय निघालाच आहे, तर शेवटही सांगतो. नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्याच फुलपूर मतदारसंघातून त्या लोकसभेत गेल्या आणि 1968 मध्ये राजीनामा देऊन डेहराडूनला राहायला गेल्या. 1977 मध्ये वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्या पुन्हा बाहेर पडल्या आणि आणीबाणीविरुद्ध, म्हणजे सख्ख्या भाचीविरुद्ध, प्रचाराला उभ्या राहिल्या.

‘पहिल्या’ या शब्दाबद्दल मुलीला दोन गोष्टी नीट सांगा. त्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या महिला राजदूत. जगातल्या पहिल्या नव्हेत, कारण रशियाच्या अलेक्झांड्रा कोलोंताय 1920 च्या दशकातच नॉर्वेत आपल्या देशाच्या प्रतिनिधी होत्या. तसंच त्या महाराष्ट्राच्या पहिल्या महिला राज्यपाल. भारतातला तो मान सरोजिनी नायडूंचा, 1947 मध्ये, उत्तर प्रदेशात. विजयालक्ष्मीबाई मुंबईच्या राजभवनात आल्या 28 नोव्हेंबर 1962 रोजी. चीनने युद्ध थांबवल्याला आठवडा झाला होता, आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यामुळे मारोतराव कन्नमवार नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. वर्षभरात कन्नमवारांचं पदावर असतानाच निधन झालं आणि डिसेंबर 1963 मध्ये वसंतराव नाईकांचं मंत्रिमंडळ आलं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. ऑक्टोबर 1964 मध्ये त्यांनी राजभवन सोडलं.

आता सासऱ्यांच्या शंकेचा जो भाग मला खरा वाटतो, तो. पहिली स्त्री दारातून आत गेली की मागच्यांना दार उघडंच मिळतं, अशी आपली समजूत असते. विजयालक्ष्मीबाईंना परराष्ट्र सेवेची परीक्षा द्यावी लागली नाही. ती परीक्षा देऊन 1949 मध्ये त्या सेवेत आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणजे सी. बी. मुथम्मा, कुर्गच्या. लग्न केल्यास नोकरी सोडेन, असं त्यांच्याकडून रुजू होतानाच लिहून घेतलं होतं. आमसभेच्या अध्यक्षस्थानी भारताची स्त्री बसलेली असताना भारताच्याच परराष्ट्र खात्यात हा दंडक चालू होता, आणि पुढे तो लेखी नियमांतही राहिला. लग्नाआधी सरकारची परवानगी घ्या, आणि संसारामुळे काम नीट होणार नाही असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्या. पुरुष अधिकाऱ्याला अशी राजीनाम्याची अट नव्हती. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या भेदभावावर कडक ताशेरे ओढले.

तेव्हा सासऱ्यांना 32 विरुद्ध 15 चा तो हिशेब दाखवा. आणि मुलीला सांगा, पुस्तकात विजयालक्ष्मी पंडित हे नाव जिथे जिथे आहे, तिथे समासात पेन्सिलने मुथम्मांचंही नाव लिहून ठेव.