मत्स्यपेटीतील पांढरे ठिपके

मार्गशीर्षातील एखाद्या सकाळी शाळेच्या मत्स्यपेटीतील गोल्डफिशच्या अंगावर व परांवर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके दिसू लागतात. आठवडाभरापूर्वीच बाजारातून आणलेले दोन नवे मासे त्या पेटीत सोडलेले असतात. काही दिवसांनी ठिपके आपोआप नाहीसे होतात, शिक्षक व विद्यार्थी निर्धास्त होतात. आणि त्यानंतर एकामागून एक मासे मरू लागतात. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, ही समजूतच येथे घातक ठरते.

‘इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस’ या एकपेशीय आदिजीवामुळे हा रोग होतो. फूके या फ्रेंच संशोधकाने १८७६ मध्ये त्याचे वर्णन केले. ‘पुष्कळ लेकरांची माशावरील ऊ’ असा या नावाचा अर्थ. तो ऊ नव्हे. परंतु लेकरांविषयीचा भाग अक्षरशः खरा आहे. माशाच्या त्वचेच्या बाह्यस्तराखाली शिरून हा परोपजीवी तेथेच वाढतो व सुमारे एक मिलिमीटरपर्यंत मोठा होतो. पूर्ण वाढ झाली की तो माशाला सोडतो, तळाशी किंवा वनस्पतींवर चिकटतो आणि भोवती आवरण निर्माण करून त्यात शेकडो पिल्लांत विभागला जातो. ही पिल्ले पोहत नवा मासा शोधतात. दीड-दोन दिवसांत तो न मिळाल्यास मरतात. २५ अंश सेल्सिअस तापमानाला हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते. १० अंशांना महिन्याहूनही अधिक काळ लागतो.

त्वचेखालील परोपजीवीपर्यंत पाण्यातील औषध पोहोचत नाही. मरतात ती पोहणारी पिल्ले. म्हणूनच उपचार एका दिवसाचा असून चालत नाही.

ठिपके दिसण्यापूर्वीच मासे दगडांवर अंग घासतात, पर मिटून घेतात, खाणे सोडतात. रोग केवळ कल्ल्यांत असेल तर ठिपके दिसतच नाहीत. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. याउलट, प्रजननकाळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर नैसर्गिकरीत्या पांढरे कण उमटतात. तो रोग नव्हे. शाळेत सूक्ष्मदर्शक असल्यास शंकेचे निरसन सहज होते. त्वचेवरील थोडा बुळबुळीत स्राव काचपट्टीवर घेतल्यास संथपणे फिरणारा गोल जीव व त्यातील घोड्याच्या नालेसारखे केंद्रक दिसते. विज्ञानाच्या तासाला याहून चांगला नमुना क्वचितच मिळेल.

उपचारासाठी जाडे मीठ पुरते. दर लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरच्या पेटीस १०० ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन-चार हप्त्यांनी घालावे. हीटर असल्यास पाणी हळूहळू २८ अंशांपर्यंत आणावे. त्यामुळे चक्र लवकर पुरे होते. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, यास्तव हवेचा पंप अहोरात्र चालू ठेवावा. तळातील गाळ एक दिवसाआड काढावा. जेवढे पाणी काढले तेवढ्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे. मात्र बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना मीठ घालू नये, कारण मीठ उडून जात नाही. शेवटचा ठिपका नाहीसा झाल्यावरही आठवडाभर हा क्रम चालू ठेवावा. नाजूक वनस्पती मिठाने सडतात, त्या आधी काढाव्यात. बाजारात मिळणाऱ्या काही औषधांत मॅलेकाइट ग्रीन असते. खाण्याच्या माशांसाठी ते निषिद्ध आहे, आणि पेटीतही हातमोज्यांवाचून हाताळू नये.

नवे मासे तीन आठवडे निराळ्या भांड्यात, निराळ्या जाळीसह ठेवावेत. हे पथ्य पाळले तर उपचारांची वेळ सहसा येत नाही.

उन्हाळी सुटी लागली की नकोसे झालेले मासे पाण्यासह गावतळ्यात सोडण्याचा प्रकार मात्र ग्रामपंचायतींनी थांबवावयास हवा. हा परोपजीवी गोड्या पाण्यातील रोहू, कटला, मृगळ यांनाही सोडत नाही, आणि तळ्यात मिठाचा उपाय आवाक्याबाहेरचा ठरतो: एक हेक्टर विस्ताराच्या व सरासरी एक मीटर खोलीच्या तळ्याला याच प्रमाणाने वीस टन मीठ लागेल.