हे काय आहे?

आजचं वाचन: निर्गम १६:१३-३१

संडे स्कूलमध्ये आत्मिक अन्नाबद्दल शिकवताना मी मुलांच्या हातावर थोडे धणे ठेवते. मान्ना धण्यासारखा दिसायचा आणि मधाच्या पोळीसारखा लागायचा, असं शास्त्र सांगतं.

रानात तो पहिल्यांदा दिसला तेव्हा इस्राएली लोक एकमेकांना विचारू लागले, "हे काय आहे?" इब्री भाषेतल्या त्याच प्रश्नावरून मान्ना हे नाव पडलं. देवानं दिलेल्या भाकरीचं नावच एक प्रश्न आहे! मग मुलांच्या प्रश्नांना आपण का घाबरायचं?

एकानं मला विचारलं, "टीचर, आज उपाशी मुलांना देव मान्ना का देत नाही?" याचं सोपं उत्तर नाही, आणि मी ते बनवून सांगितलंही नाही. पण आम्ही मिळून योहान ६ वाचला. प्रभू येशूनं आधी सुमारे ५,००० पुरुषांच्या जमावाला पोटभर जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी जीवनाच्या भाकरीबद्दल सांगितलं. त्याला दोन्ही भुका कळतात. म्हणून लेकरांना वचन शिकवताना डबा वाटून खायलाही शिकवूया.

आणखी एक. उद्यासाठी ठेवलेल्या मान्न्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथासाठी ठेवलेला टिकायचा. रविवारचा एक धडा मुलांना आठवडाभर कसा पुरेल? आज रात्री जेवताना घरी एक वचन वाचा आणि मुलांना एक प्रश्न विचारू द्या.

प्रभू, आमच्या लेकरांची भूक जागी ठेव. आमेन.